इंजिन वारंवार गरम होत असेल तर: कारण शोधण्याचा योग्य क्रम

गाडीचे इंजिन एकदा गरम होते, कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) भरून काम भागते, आठवड्याने तापमानाचा काटा पुन्हा वर चढतो, मग थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) बदलला जातो, त्यानंतर वॉटर पंप, त्यानंतर रेडिएटर, आणि एवढे होऊनही शेवटी हेड (सिलिंडरांवरचे धातूचे झाकण) उतरवण्याची वेळ येते. हा प्रकार मी इतक्या गाड्यांच्या बाबतीत पाहिला आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र दर वेळी वाटते, कारण त्यातील बहुतेक सुटे भाग चांगले असताना बदललेले असतात. इंजिन गरम होण्यामागे डझनभर वेगवेगळी कारणे असू शकतात, परंतु प्रत्येक कारणाची वागण्याची एक ठरावीक तऱ्हा असते आणि ती ओळखता आली, तर पाना हातात घेण्यापूर्वीच निम्मी कारणे बाद होतात. म्हणून पुढील विवेचनाचा भर निरीक्षणावर आणि चाचण्यांच्या क्रमावर आहे. भाग कसा बदलायचा हे त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. कोणता बदलायचा हे आपल्यालाच शोधावे लागते.

काटा चढत असेल तर लगेच काय करावे

गाडी चालवताना काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला, तर एसी बंद करावा, हीटर सर्वांत गरम स्थितीत आणून त्याचा ब्लोअर पूर्ण वेगाने सुरू करावा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्यावी. हीटरची कोर हा एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे इंजिनातील काही उष्णता तेवढ्या काळापुरती केबिनमार्गे बाहेर काढता येते. काटा लाल पट्ट्यात पोहोचला असेल, तापमानाचा तांबडा दिवा लागला असेल किंवा बोनेटखालून वाफ येत असेल, तर घर जवळच आहे असे म्हणून पुढे जाऊ नये. इंजिन तिथेच बंद करावे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकायला फार वेळ लागत नाही, आणि एका फाटक्या होज पाइपचे काम हेडच्या कामात बदलते ते याच शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत.

गरम इंजिनावर रेडिएटरचे किंवा कुलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतो. झाकण सैल होताच दाब जातो, तो द्रव एका क्षणात वाफ होऊन उसळतो आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. किमान पाऊण तास थांबावे, त्यानंतर वरचा जाड होज पाइप जाड फडक्यातून दाबून पाहावा, आणि तो पूर्ण मऊ लागला तरच झाकणाला हात लावावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे किंवा रिकाम्या झालेल्या गरम इंजिनात गार पाणी भरणे हेही टाळावे, कारण अचानक आकुंचन झाल्याने धातूला तडा जाऊ शकतो. आणखी एक सावधगिरी म्हणजे इंजिन बंद असतानाही विजेवर चालणारा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे बोटे, ओढणी आणि सैल बाह्या त्याच्यापासून दूर ठेवाव्यात.

ही यंत्रणा नेमके काय करते

इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली उष्णता कुलंटला वाहून न्यावी लागते. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तरीही कुलंट साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राखले जाते. यासाठी चार गोष्टी एकाच वेळी नीट असाव्या लागतात: यंत्रणेत पुरेसे आणि योग्य कुलंट असावे, ते दाबाखाली राहावे, ते फिरत राहावे, आणि रेडिएटरमधून पुरेशी हवा जावी. गरम होण्याचे जवळपास प्रत्येक कारण या चारपैकी एका ठिकाणी बसते. याला मोठा अपवाद हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा; ते गेले की ज्वलनाचे वायू थेट कुलंटमध्ये शिरतात आणि यांतील पहिल्या तीनही गोष्टी एकदम बिघडवतात.

यातील दाबाचे महत्त्व सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. झाकणाने सुमारे १ बार दाब राखला, तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले कुलंट १२५ अंशांच्याही पुढे टिकते. झाकणाचे रबर कडक झाल्यामुळे हा दाबच तयार होत नसेल, तर बाकी सर्व भाग नवेकोरे असूनही चढावर कुलंट उकळू शकते.

पहिला प्रश्न: गरम कधी होते?

बोनेट उघडण्याआधी एका कागदावर लिहून काढावे की काटा नेमका कधी चढतो, किती वेळात चढतो आणि काय केल्यावर उतरतो. चालकाला हे प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात आणि माझ्या अनुभवात कोणत्याही उपकरणापेक्षा ती पाच मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

गाडी रहदारीत किंवा सिग्नलला उभी असताना गरम होते आणि वेग घेतल्यावर काटा खाली येतो, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगात रेडिएटरवर समोरून आपोआप हवा येते, उभ्या गाडीत ती फक्त पंखाच ओढतो. याउलट शहरात काही त्रास नाही, पण मोठ्या रस्त्यावर सलग वेगात किंवा भरलेल्या गाडीने चढ चढताना काटा वर जातो, तर हवा पुरेशी असूनही उष्णता बाहेर पडत नाही असा त्याचा अर्थ होतो. रेडिएटर आतून चोंदलेला असणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे, पंपाचा प्रवाह कमी पडणे, खालचा होज पाइप चपटा होणे किंवा हेड गॅस्केटची सुरुवातीची गळती, यांपैकी काहीतरी शोधावे. थंड इंजिन सुरू केल्यापासून अवघ्या पाच-सात मिनिटांत काटा लाल पट्ट्याकडे धावत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे, कुलंट फारच कमी आहे किंवा गॅस्केट गेले आहे, या तिघांपुरताच विचार करावा. एसी लावल्यावरच गरम होत असेल, तर पंख्याचा मोठा वेग आणि एसीच्या कंडेन्सरमागे अडकलेला कचरा प्रथम पाहावा.

काटा वर गेलेला असताना हीटर गरम हवा देतो की गार, हेही नोंदवावे. इंजिन उकळत आहे आणि हीटरमधून गार हवा येत आहे, हे लक्षण फार बोलके आहे, कारण त्याचा अर्थ हीटरपर्यंत कुलंट पोहोचतच नाही: एकतर ते कमी आहे, किंवा हवा अडकली आहे, किंवा पंप फिरूनही ढकलत नाही.

काटा खरे सांगतो का?

इंजिन खरोखर गरम होत आहे याची खात्री करूनच पुढे जावे. स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे उपकरण) जोडून कुलंटच्या तापमानाचा थेट आकडा पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग. अनेक आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि साधारण ८० पासून १०५ अंशांपर्यंत तो हलतच नाही, त्यामुळे तो हलला तेव्हा बरीच मजल गाठलेली असते. आकडा मात्र आधीपासून सत्य सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कुलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांचे आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. त्यांत मोठी तफावत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासावी. पी०११५ ते पी०११८ हे स्कॅनरवर दिसणारे दोषाचे कोड याच सेन्सरच्या सर्किटचे असतात, आणि पी०२१७ म्हणजे इंजिनाचे तापमान मर्यादेबाहेर गेल्याची नोंद.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल, तर एक चूक हमखास होते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. म्हणून मोजण्याच्या जागी काळी चिकटपट्टी लावावी किंवा थर्मोस्टॅटच्या कवचाला लागून असलेल्या रबरी होजवर मोजावे. काटा एकाएकी वर-खाली झुलत असेल, तर सेन्सरला दोष देण्यापूर्वी पातळी पाहावी, कारण कुलंट कमी झाले की सेन्सर कधी द्रवात, कधी वाफेत राहतो.

थंड इंजिनावरची तपासणी: पातळी, गळती, झाकण

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतील पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का ते पाहावे. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःचे झाकण असते, तिथे फक्त बाटलीतील पातळीवर विसंबू नये. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे का ते डोळ्यांनी पाहावे. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही स्थिती झाकण बिघडल्याची ठळक खूण आहे. झाकणात दोन झडपा असतात: एक दाब वाढला की कुलंट बाटलीत सोडते, दुसरी इंजिन थंड होताना तेच कुलंट परत आत ओढू देते. दुसरी झडप अडकली तर कुलंट जाते पण परत येत नाही, आणि गार झाल्यावर वरचा होज पाइप आत ओढल्यासारखा चपटा दिसतो.

कुलंट बंद यंत्रणेत फिरत असते, ते पेट्रोलसारखे संपत नाही. दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर ते कुठेतरी जात आहे. बाहेरची गळती सुकल्यावर पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खरपुडा मागे ठेवते. तो होजच्या क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकी आणि धातूच्या सांध्यावर, थर्मोस्टॅटच्या कवचाभोवती आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रापाशी शोधावा. पंपातले ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की कुलंट तिथून ठिबकते आणि पंप बदलण्याची वेळ आल्याचे कळते. चालकाशेजारच्या पायापुढील गालिचा ओला लागत असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल किंवा समोरच्या काचेवर आतून चिकट धुके साचत असेल, तर हीटर कोर गळते आहे. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर गार करणारा भाग) आतल्या आत फुटला, तर बाहेर एक थेंबही न दिसता कुलंट जळून जाते. ही शक्यता विसरली गेल्यामुळे कितीतरी हेड विनाकारण उतरवली जातात.

डोळ्यांना गळती सापडली नाही, तर दाबाची चाचणी करावी. झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या दाबाएवढाच दाब द्यावा, बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.४ बारच्या दरम्यान असतो, आणि पंधरा मिनिटे थांबावे. दाब स्थिर राहिला तर बाहेरची गळती नाही असे तूर्त धरता येते. दाब उतरतो पण कुठेही ओल दिसत नाही, तर पाणी आत कुठेतरी जात आहे. त्याच पंपाने अडॅप्टर लावून झाकणही तपासता येते. सर्वांत स्वस्त भाग तोच असतो आणि सर्वांत शेवटी तपासला जातो.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटच्या आत मेणाची गोळी असते. ती वितळून फुगली की झडप उघडते. बहुतेक गाड्यांत ही झडप ८२ ते ९२ अंशांना उघडू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. गाडीवरच परीक्षा करायची, तर थंड इंजिन सुरू करून दोन्ही मोठ्या होजचे तापमान मोजत राहावे. थर्मोस्टॅट वरच्या होजच्या टोकाशी असेल, तर तो होज बराच वेळ कोमट राहून मग एकदम तापतो. खालच्या बाजूला असेल, तर वरचा होज लवकर तापतो आणि खालचा उशिरा. इंजिन ११० अंशांवर आणि रेडिएटर मात्र गार, असे दिसले तर झडप उघडत नाही. काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात, तळाला न टेकवता, थर्मामीटरसह टांगून पाणी तापवावे, आणि त्यावर कोरलेल्या अंशाला तो उघडू लागतो का, तसेच पुढे पूर्ण उघडतो का, हे पाहावे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट शहरात पकडला जात नाही, या भांड्यात पकडला जातो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नये. त्याने इंजिन गार चालते, इंधन जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते, हे तर आहेच. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या टोकाला दुसरी चकती असते, जी उघडताना बायपासची वाट बंद करते; थर्मोस्टॅटच नसेल, तर गरम कुलंटचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेने परत इंजिनात येतो आणि जोरात चालवताना गाडी पूर्वीपेक्षा अधिक गरम होते.

पंखा आणि हवेची वाट

इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा काही क्षणांत फिरू लागतो. फिरला तर मोटर जिवंत आहे एवढे कळते. मग एसी बंद करून उभ्या गाडीत तापमान वाढू द्यावे आणि स्कॅनरवर पाहावे की पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, साधारणतः ९५ ते १०५ अंशांदरम्यान, पंखा लागतो का. एसीवर लागतो पण तापमानावर लागत नाही, तर दोष सेन्सरचा किंवा नियंत्रणाचा असतो. कशानेच लागत नसेल, तर फ्यूज, रिले आणि मोटरचा प्लग या क्रमाने जावे आणि शेवटी मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन पाहावे. कधीकधी पंखा फक्त मोठ्या वेगाने लागतो, लहान वेगाने नाही; अशा वेळी लहान वेगाचा रेझिस्टर जळालेला असतो.

पंखा फिरतो म्हणजे हवा ओढतो असे मात्र नाही. समोरच्या जाळीवर एक साधा कागद धरावा. पंखा सुरू असताना तो जाळीला चिकटून राहायला हवा. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या, तर पंखा हवा पुढे फेकतो आणि कागद उडून जातो. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले किंवा काढून ठेवलेले असेल, तर पंखा आजूबाजूचीच हवा घुसळतो, म्हणून ते परत बसवलेच पाहिजे. पट्ट्यावर चालणारा पंखा असलेल्या गाड्यांत इंजिन बंद करून तो हाताने फिरवावा. गरम इंजिनावर त्याला चांगला अडथळा जाणवला पाहिजे. तो मोकळा भिरभिरत असेल किंवा मधल्या गोल भागावर तेलाचे ओघळ असतील, तर त्याचा व्हिस्कस क्लच (घट्ट द्रवाच्या साहाय्याने पंख्याला फिरवणारा जोड) गेला आहे.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट असते. समोरून पाहिल्यास कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागून रेडिएटरही स्वच्छ दिसतो, पण वरची पट्टी सोडवून त्या फटीत टॉर्च मारला की धूळ, किडे आणि गवताच्या बिया मिळून झालेला घोंगडीसारखा थर दिसतो. तो मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोरदार फवाऱ्याने पातळ पाती आडवी होतात आणि होती तीही वाट बंद होते. आतून चोंदलेला रेडिएटर ओळखण्यासाठी इंजिन पूर्ण गरम करून बंद करावे आणि कोरवर ठिकठिकाणी तापमान मोजावे. प्रवेशाच्या बाजूकडून बाहेर जाण्याच्या बाजूकडे तापमान सावकाश उतरत गेले पाहिजे. मध्येच गार पट्टे सापडले, तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या आहेत. गळती थांबवणारी पूड पूर्वी कधी टाकली गेली असेल, तर या नळ्या आणि हीटर कोर यांच्याबद्दल विशेष शंका घ्यावी.

प्रवाह: पंप आणि होज पाइप

वॉटर पंपाची गळती दिसते, पण त्याचा आतला बिघाड दिसत नाही. काही पंपांचे पाते प्लास्टिकचे असते आणि ते दांड्यावर सैल होऊन नुसतेच फिरते. काहींचे धातूचे पाते साध्या पाण्याने गंजून अर्धे उरते. इंजिन गरम आहे, थर्मोस्टॅट उघडणारा आहे, रेडिएटर स्वच्छ आहे, तरीही खालचा होज गार आणि हीटर गार, असे असेल तर पंप उघडून पाहावा. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्ट बदलताना पंपही बदलणे शहाणपणाचे, कारण तिथवर पोहोचण्याची मेहनत एकच असते. विजेवर चालणाऱ्या पंपाच्या बाबतीत आधी स्कॅनरवर दोषाची नोंद पाहावी.

एक गाडी माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. शहरात ती अगदी शांत असे. मोठ्या रस्त्यावर अर्ध्या तासात काटा चढे, आणि बाजूला उभी करून बोनेट उघडेपर्यंत सगळे पुन्हा नेहमीसारखे होई. माझ्याकडे येण्यापूर्वी तिचा थर्मोस्टॅट, पंप आणि रेडिएटर बदलून झाले होते. मी इंजिन गरम केले, बोनेट उघडे ठेवून एकाला ३००० फेऱ्यांपर्यंत रेस धरायला सांगितली आणि खालच्या होजवर टॉर्च धरला. काही सेकंदांत तो जाड पाइप दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊन चिंचेच्या आकड्यासारखा चपटा झाला. रेस सोडताच तो पुन्हा गोल झाला. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, म्हणून अनेक गाड्यांत त्याच्या आत स्प्रिंग बसवलेली असते. या गाडीत ती गंजून तुकडे झाली होती आणि वर झाकणही दाब धरत नव्हते. होज आणि झाकण बदलले आणि गाडी बरी झाली. तेव्हापासून वेगात गरम होणाऱ्या प्रत्येक गाडीत मी रेस देऊन खालचा होज पाहिल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

अडकलेली हवा

कुलंट नुकतेच बदललेले असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर दुसरे काही शोधण्याआधी यंत्रणेतील हवा काढावी. भरण्याचे तोंड इंजिनातील सर्वांत उंच जागा ठरेल अशा रीतीने गाडीचे पुढचे टोक थोडे वर घ्यावे, हीटर गरम स्थितीत ठेवावा, हवा सोडण्याचा स्क्रू दिलेला असेल तर तो सैल करून सलग धार येईपर्यंत सावकाश भरावे. मग झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू द्यावे, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी आणि कुलंट उसळू लागण्यापूर्वीच झाकण लावावे. हवा काढूनही दोन-तीन दिवसांत पुन्हा हवा साचत असेल, तर ती बाहेरून राहिलेली हवा नाही. ती सिलिंडरमधून येत आहे.

हेड गॅस्केट

हेड गॅस्केटच्या चाचणीकडे लोक भीतीपोटी सर्वांत शेवटी वळतात. माझे मत उलट आहे: बाहेर गळती नाही आणि कुलंट मात्र कमी होत आहे, एवढे कळले की कोणताही महागडा भाग आणण्यापूर्वी ही चाचणी करून टाकावी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे किंवा कुलंटच्या टाकीचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. पहिल्या मिनिटापासून बारीक बुडबुडे थांबल्याशिवाय येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर कुलंट अजून गार असतानाच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचे वायू कुलंटमध्ये शिरत आहेत. खात्रीसाठी रासायनिक चाचणी असते. कुलंटची पातळी थोडी उतरवून तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात आणि रेडिएटरमधील वायू त्यातून ओढतात. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट-पिवळा होतो. गळती बारीक असेल तर ती फक्त भाराखाली दिसते, त्यामुळे गाडी चांगली चढावर चालवून आणून चाचणी पुन्हा करावी.

याच्या जोडीला सायलेन्सरमधून गरम इंजिनातही येत राहणारा दाट पांढरा, गोडसर धूर, सकाळी सुरू होताना एका सिलिंडरचे अडखळणे, आणि काढलेल्या प्लगांपैकी एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसणे, ही चिन्हे पाहावीत. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला म्हणून घाबरू नये. थंडीत लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. ऑइलची पट्टी दुधाळ दिसली तर मात्र इंजिन चालवणेच थांबवावे, कारण त्या ऑइलने बेअरिंग टिकत नाहीत. हेड उतरवल्यावर नुसते नवे गॅस्केट टाकून ते परत बसवणे म्हणजे सर्व मेहनत वाया घालवणे होय. हेडवर सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती) ठेवून वाक मोजावा, मर्यादा पुस्तिकेत असते आणि अनेक इंजिनांत ती ०.०५ मिलीमीटरच्या आसपास असते, तड्यांसाठी दाबाखाली तपासणी करून घ्यावी, आणि बोल्ट ठरवून दिलेल्या क्रमाने व ताणाने आवळावेत. मुळात हेड कशामुळे तापले, ते कारणही त्याच वेळी दूर करावे. अन्यथा नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते.

कूलिंगची संपूर्ण यंत्रणा निर्दोष ठरली, तरच बाहेरची कारणे शोधावीत: एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहणे, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चुकलेले इग्निशन टायमिंग, कमी इंजिन ऑइल. ब्रेकची शंका थोडे अंतर चालवून चारही चाकांचे तापमान मोजल्यावर लगेच मिटते.

कुलंट आणि दुरुस्तीनंतरची खात्री

भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कुलंट घ्यावे आणि रंगावरून निवड करू नये, कारण एकाच रंगात वेगवेगळ्या रसायनांची कुलंट मिळतात आणि ती एकमेकांत मिसळली तर गाळ धरू शकते. डब्यातील द्रव तयार मिश्रण आहे की पाणी घालायचे द्रावण आहे, हे लेबलवर वाचावे. जास्त घट्ट म्हणजे जास्त गार, ही समजूत चुकीची आहे: तेवढ्याच वजनाच्या पाण्यापेक्षा शुद्ध ग्लायकॉल बरीच कमी उष्णता वाहून नेते, म्हणून निम्मे-निम्मे प्रमाण आणि तेही डिस्टिल्ड पाण्यात राखावे. नळाच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांच्या आत बसतात आणि उष्णतेची वाट अडवतात. सांडलेले कुलंट लगेच पुसून घ्यावे. चवीला गोड असल्याने प्राणी ते चाटतात आणि एथिलीन ग्लायकॉल त्यांच्यासाठी, तसेच लहान मुलांसाठीही, जीवघेणे विष आहे.

दुरुस्ती झाल्यावर ज्या स्थितीत गाडी गरम होत असे, नेमक्या त्याच स्थितीत ती चालवून पाहावी. चढावर गरम होणारी गाडी उभी ठेवून पाहण्याने काहीच सिद्ध होत नाही. स्कॅनरवर सर्वाधिक तापमान किती गेले, पंखा कितीला लागला आणि कितीला थांबला, हे लिहून ठेवावे. टाकीवर चिकटपट्टीने पातळीची खूण करून पुढील दहा दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ती पाहावी. पहिल्या एक-दोन दिवसांत उरलीसुरली हवा निघून पातळी थोडी उतरते आणि तेवढे भरणे योग्यच आहे; त्यानंतरही ती खाली जात राहिली, तर दाबाच्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करावी.